दूध आल्यावर पाजायचं नसतं, पाजल्यावर दूध येतं: पहिल्या तासापासून सहा महिन्यांपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठेही जा, बाळंतिणीच्या खाटेभोवती पहिल्या तीन दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अजून दूध उतरलं नाही, तोवर वरचं थोडं देऊया." इथंच घोडं पेंड खातं. वरचं दूध पोटात गेलं की बाळ झोपतं. झोपलं की ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध उतरत नाही. मग चौथ्या दिवशी घरचे म्हणतात, "बघा, हिला दूधच नाही." दूध कमी नसतं, क्रम उलटा झालेला असतो. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो आणि त्या निरोपावर दूध तयार होतं. खालचे टप्पे याच क्रमाने लावले आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

१. आठव्या महिन्यात करायची तयारी

पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. त्यामुळे सासरी काय ठरलं आणि माहेरी काय चालतं यात तफावत पडते. नर्सबाईंनी सांगितलेलं सुनेला माहीत असतं, पण बाळाच्या तोंडात पहिलं बोट घालणारी आजी त्या बोलण्यात नसते. म्हणून तपासणीला जाताना बाळंतपणाच्या वेळी जवळ राहणाऱ्या बाईला (आई, सासूबाई, मोठी वैनी, जी असेल ती) एकदा तरी सोबत न्या. तिच्यासमोर डॉक्टरांना विचारा: "पहिल्या तासात पाजायचं आहे, वरचं काही द्यायचं नाही, बरोबर ना?" डॉक्टरांच्या तोंडून आलेलं घरात चालतं.

पिशवीत भरायचं सामान: तायी कार्ड (गरोदरपणातल्या तपासण्यांच्या नोंदींचं सरकारी कार्ड), पुढून बटणं असलेले दोन गाऊन, सुती धुतलेली चार-सहा फडकी, दोन घट्ट उशा, झाकणाची लहान स्टीलची वाटी आणि चमचा. घरात बोंडलं (बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी) असेल तर तेही घ्या, पण चोच आतून घासून आणि दहा मिनिटं उकळून. दुधाची बाटली, रबरी बूच आणि पावडरचा डबा पिशवीत नको. हाताशी असलं की रात्री दोन वाजता ते उघडलं जातंच.

बोंडं (स्तनाग्रं) एकदा तपासून घ्या. बोंडाच्या मागे, काळ्या वर्तुळाच्या कडेवर अंगठा आणि तर्जनी ठेवून हलकं दाबा. बोंड पुढे आलं तर ठीक. आत गेलं तर ते आत वळलेलं आहे. त्याचा उपाय सातव्या टप्प्यात आहे आणि तो बाळंतपणानंतरच करायचा.

सावध: गरोदरपणात बोंडं ओढणं, तेल लावून चोळणं बंद ठेवा. त्याने उपयोग काही होत नाही, उलट कळा सुरू होऊ शकतात.

सरकारी दवाखान्यात अनेकदा सिस्टर कन्नडच बोलतात. कळा ओसरल्यावर शब्द सुचत नाहीत, म्हणून ही दोन वाक्यं सोबतच्या बाईला पाठ करायला सांगा: "कूसु नन्न कडे कोड्रि, एदे हालु कुडिस्तीनि" (बाळ माझ्याकडे द्या, अंगावर पाजते) आणि "बेरे हालु ब्याड्रि" (दुसरं दूध नको).

२. पहिला तास

बाळ बाहेर आलं, रडलं, पुसून कोरडं केलं की त्याला उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवतात. वरून दोघांवर एक चादर, बाळाच्या डोक्याला टोपी. घाई करू नका. बाळ आधी नुसतं पडून राहतं, मग तोंड हलवतं, हात चोखतं, आणि बऱ्याचदा अर्ध्या ते एका तासात स्वतःच बोंडाकडे सरकतं. या तासात ते जागं असतं. नंतर ते गाढ झोपतं आणि कित्येक तास नीट ओढत नाही. वजन करणं, कपडे घालणं, फोटो काढणं हे सगळं नंतर. आंघोळ तर निदान २४ तास नकोच.

सिझेरियन झालं म्हणून हा टप्पा सुटत नाही. बहुतेक सिझेरियन कमरेत इंजेक्शन देऊन होतात, आई जागी असते. टेबलावरच बाळ गालाशी-छातीशी लावून घेता येतं, आणि वॉर्डात आल्यावर कुशीवर झोपून पाजता येतं. "शुद्ध आल्यावर बघू, उद्या पाजू" असं म्हणत एक अख्खा दिवस वाया जातो.

पहिल्या तोंडी काय द्यायचं यावरून घरात ओढाताण होते. मध, साखरेचं पाणी, गुळाचं बोट, सोनं उगाळलेलं पाणी, गाईचं दूध यांतलं काहीही नको. मधात एका जिवाणूची बीजं असू शकतात; वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वाढली तर विष तयार होऊन अंग लुळं पडतं. बाकीच्यांनी पोट भरतं आणि जंतू आत जातात. मानपानाचा प्रश्न असेल तर मान वेगळ्या जागी द्या: बाळाला छातीशी लावून देण्याचं काम आजीच्या हातून होऊ द्या. तिचा हात लागला की मधाचं बोट सहसा मागे पडतं.

आणि चीक. गाय व्याली की खरवसाच्या वड्या शेजारीपाजारी वाटल्या जातात, आईचा चीक मात्र "जुनं दूध, घाण" म्हणून पिळून टाकतात! हा घट्ट पिवळा चीक थेंबाथेंबानेच येतो आणि तेवढाच लागतो. त्यात रोगांशी लढणारे घटक भरपूर असतात, आणि त्याने पोटातली काळी शी लवकर बाहेर पडते. ती अडकून राहिली तर कावीळ वाढायला मदत होते.

३. बाळाला लावायचं कसं

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. बोंडाला चिरा, दूध साकळणं, "पुरत नाही" अशी रडारड, या बहुतेक तक्रारींचं मूळ इथंच सापडतं.

आधी आईने नीट बसायचं. पाठ भिंतीला टेकलेली, पाय जमिनीवर किंवा पाटावर, मांडीवर उशी. आई बाळाकडे वाकली की मानेला रग लागते आणि पाच मिनिटांत पाजणं थांबतं. बाळ छातीच्या उंचीला आणा, छाती बाळाकडे नेऊ नका.

आता बाळ. डोकं, पाठ, कुल्ले एका रेषेत. पोट आईच्या पोटाला चिकटलेलं. नाक बोंडाच्या समोर (तोंड नव्हे, नाक). बाळाचा नुसता चेहरा छातीकडे आणि अंग आढ्याकडे असेल तर त्याला मान वळवून गिळावं लागतं. स्वतः मान वळवून पेलाभर पाणी पिऊन बघा, कळेल.

उजव्या बाजूला पाजताना डाव्या हाताने बाळाची मान आणि खांदे धरा, डोकं मागून दाबू नका. उजव्या हाताने स्तनाला खालून आधार द्या: चार बोटं खाली, अंगठा वर, दोन्ही काळ्या वर्तुळापासून लांब. दोन बोटांच्या कात्रीत बोंड धरून तोंडात घालायची सवय बहुतेकींना असते. त्याने दुधाच्या नळ्या दबतात आणि बाळाच्या तोंडात पुरेसा भाग जातच नाही.

बोंड बाळाच्या वरच्या ओठावर हलकं घासा. बाळ ओठ चाटेल, तोंड थोडं उघडेल. थांबा. पुन्हा घासा. जांभईसारखं मोठं तोंड उघडलं की त्याच क्षणी बाळाला पटकन जवळ ओढा, हनुवटी आधी टेकेल अशा बेताने. बोंड टाळूकडे जायला हवं.

तपासा: हनुवटी स्तनाला टेकलेली आहे. खालचा ओठ बाहेर उलटलेला आहे. तोंड मोठं उघडं आहे. काळं वर्तुळ वरून जास्त दिसतंय, खालून कमी. गाल फुगलेले आहेत, आत ओढले जात नाहीत. सुरुवातीला भराभर आणि मग संथ, खोल ओढणं चालू आहे, मध्ये गिळल्याचा आवाज येतो. चटचट असा जिभेचा आवाज आला तर पकड सैल आहे.

पहिले काही सेकंद ओढ जाणवेल, ते चालतं. दुखणं सुरूच राहिलं तर पकड चुकली आहे. दात-ओठ खाऊन सोसू नका. बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत घाला, पोकळी सुटली की बाळाला काढा आणि पुन्हा लावा. चार वेळा लावावं लागलं तरी हरकत नाही. नुसतं ओढून काढलं तर बोंड सोलवटतं.

नाक दबेल म्हणून बोटाने स्तन दाबून धरण्याची पद्धत सोडा. बाळाचे कुल्ले जरा जवळ घेतले की नाक आपोआप मोकळं होतं.

सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको असेल तर दोन पर्याय. एक, कुशीवर झोपून: आईच्या पाठीमागे उशी, बाळ तिच्याकडे तोंड करून कुशीवर, बाळाच्या पाठीला गुंडाळलेलं फडकं. दुसरा, बगलेतून: बाळाचे पाय आईच्या काखेखालून मागे, डोकं हाताच्या तळव्यात, खाली उशी. जुळ्या बाळांनाही हीच दुसरी पद्धत सोयीची.

४. पहिले तीन दिवस, आणि दुसरी रात्र

पहिल्या दिवशी बाळाचं पोट बोराएवढं असतं. एका वेळी ५ ते ७ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, त्यात मावतं. तिसऱ्या दिवशी साधारण २५ मिली, आठवड्याने ४५ ते ६० मिली, कोंबडीच्या अंड्याएवढं. वाटीभर दूध हवं हा हिशेब मोठ्या माणसाच्या पोटाचा आहे. २४ तासांत ८ ते १२ वेळा लावा. झोपाळू बाळाला तीन तासांहून जास्त झोपू देऊ नका. दुपटं सोडा, तळव्यांना गुदगुल्या करा, लंगोट बदला. कसंच उठलं नाही तर चीक हाताने वाटीत काढून चमच्याने द्या.

दुसरी रात्र कशी जाते हे आधीच सांगून ठेवा. बाळ संध्याकाळपासून दर अर्ध्या-पाऊण तासाने रडतं, लावलं की शांत होतं, ठेवलं की पुन्हा रडतं. स्तन अजून मऊच असतात, भरल्यासारखे वाटत नाहीत. घरातला कुणीतरी मेडिकल उघडं आहे का बघायला निघतो. त्याला दारातच थांबवा. बाळ दुधाची मागणी नोंदवतंय आणि त्या मागणीवरच दूध उतरणार आहे, पहिलटकरणीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी. त्या रात्री बाळंतिणीला मदत करायची असेल तर लंगोट तुम्ही बदला, तिला पाणी द्या, पाठीला उशी लावा, बाळ हातात आणून द्या.

सावध: बाळाचं वजन पहिल्या दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं. ३ किलोचं बाळ २ किलो ७५० ग्रॅमवर आलं म्हणून डबा आणू नका. जन्माचं वजन १० ते १४ दिवसांत परत यायला हवं. १० टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा; ते वरचं दूध सांगतील तर तेही द्यायचं, बाटलीने नव्हे, वाटी-चमच्याने.

५. रोजचं पाजणं

घड्याळ बाजूला ठेवा, बाळाकडे बघा. मान वळवून शोधणं, हात तोंडात घालणं, ओठ चाटणं ही भुकेची पहिली खूण. रडणं ही शेवटची. रडून लालबुंद झालेलं बाळ नीट तोंडात घेत नाही. त्याला आधी शांत करा, मग लावा.

एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या. सुरुवातीचं दूध पातळ असतं, त्याने तहान भागते. शेवटी येणारं घट्ट, स्निग्ध. त्यावर बाळ भरतं. "पाच मिनिटं इकडं, पाच मिनिटं तिकडं" केलं तर बाळ दोन्हीकडचं पातळच पितं, पोटात वायू धरतो, शी हिरवी-फेसाळ होते आणि पुन्हा लवकर भूक लागते. बाळाने स्वतः सोडलं की खांद्यावर घेऊन ढेकर काढा, मग दुसरी बाजू द्या. पुढच्या वेळी सुरुवात दुसऱ्या बाजूने. लक्षात राहत नसेल तर बांगडीत सेफ्टी पिन अडकवून बाजू बदलत जा.

रात्रीचं पाजणं तोडू नका. दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त पाझरतं. "रात्री बाळ झोपावं म्हणून" एक बाटली दिली की आठवडाभरात दिवसाचं दूधही घटलेलं दिसतं.

पाणी नको. एप्रिल-मेच्या उन्हातही नको, घशाला कोरड पडेल म्हणूनही नको. आईच्या दुधात पाणीच बहुतांश असतं. ग्राइप वॉटर नको. बाळघुटीबद्दल राग येईल, तरी सांगतो: सहाणेवर उगाळलेला वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड पहिल्या सहा महिन्यांत नको. वळसे कुणी किती द्यायचे याला माप नाही, जायफळाने गुंगी येते, आणि ओली राहिलेली सहाण जंतूंचं घर असते. डॉक्टरांनी दिलेली औषधं, 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब, लसी या बंदीत येत नाहीत.

६. पुरतंय का, हे कशावरून ओळखायचं

रडण्यावरून नाही. स्तन मऊ झाल्यावरून नाही; दीड महिन्यानंतर ते मऊच राहतात. पिळून किती निघालं यावरूनही नाही.

तपासा, रोज:
- लघवी: पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची. मोजताना डायपर नको, सुती लंगोट वापरा.
- शी: पहिले दोन दिवस काळी डांबरासारखी, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दूध कमी जातंय.
- वजन: पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. तेव्हा वजन करून घ्या आणि कार्डावर लिहून घ्या. आणि त्यांच्यासमोर बाळाला लावून दाखवा, हे फार कमी बायका करतात. पकड चुकत असेल तर ती डोळ्यांनीच कळते, बोलून नाही.

थांबू नका, १०८ बोलवा किंवा दवाखाना गाठा: बाळ अजिबात ओढत नाही किंवा उठतच नाही, तळहात-तळपाय पिवळे, मिनिटाला ६० हून जास्त श्वास किंवा छाती आत ओढली जाते, अंग तापलेलं किंवा गार, झटके. साधी कावीळ असेल तर पाजणं वाढवायचं, थांबवायचं नाही. नुसत्या कोवळ्या उन्हावर विसंबून राहू नका.

७. अडचणी आणि त्यांचे उपाय

बोंडाला चिरा: मलम शोधण्याआधी तिसरा टप्पा पुन्हा वाचा. पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब बोंडावर लावून वाऱ्यावर सुकू द्या. प्रत्येक वेळी साबणाने धुऊ नका, तिथलं नैसर्गिक तेल निघून जातं. रोजची आंघोळ पुरे. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा.

दूध साकळणं: तिसऱ्या ते पाचव्या दिवशी स्तन दगडासारखे होतात, काळं वर्तुळ ताणलं जातं आणि बाळाला पकडता येत नाही. क्रम असा: पाजण्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट ओलं फडकं, मग बोंडाभोवती बोटांची टोकं ठेवून मिनिटभर आत दाबा, म्हणजे सूज मागे सरकते, हाताने थोडं दूध काढा, बाळाला लावा, नंतर गार पाण्याची घडी. शेक नंतर द्यायचा नसतो, आधी द्यायचा असतो. गरम तेलाने जोरात रगडलं तर आतल्या नळ्यांना इजा होते.

एका जागी लाल, गरम, दुखरी गाठ आणि ताप-थंडी आली तर त्या बाजूला पाजणं चालूच ठेवा. दूध बाळाला बाधत नाही. थांबवलं तर गाठीत पू होण्याचा धोका वाढतो. २४ तासांत उतार नाही, तर डॉक्टर.

आत वळलेलं बोंड: १० मिलीची नवी सिरिंज घ्या (बोंड मोठं असेल तर २० मिली), सुई फेकून द्या. सुईकडचं टोक धारदार ब्लेडने सरळ कापा. दट्ट्या काढून कापलेल्या बाजूने आत घाला. आता मूळची गुळगुळीत, कडा असलेली बाजू बोंडावर टेकवा आणि दट्ट्या हळू मागे ओढा, दुखेपर्यंत नाही. अर्धा ते एक मिनिट धरा. काढण्याआधी दट्ट्या थोडा पुढे ढकलून पोकळी सोडा, मग बाजूला करा आणि लगेच बाळाला लावा. दिवसातून काही वेळा, पाजण्याआधी.
सावध: कापलेली खरखरीत बाजू अंगाला लावली तर जखम ठरलेली. ही चूक वारंवार होते.

आईला सर्दी, ताप, जुलाब झाले तरी पाजायचं. दूध "बाधलं" असं काही नसतं. क्षयरोग, एचआयव्ही किंवा दीर्घकाळची औषधं चालू असतील तर निर्णय डॉक्टरांसोबत घ्या, आपल्या मनाने बंद करू नका.

८. बाळंतिणीचं ताट, आणि मिश्री

पहिल्या सहा महिन्यांत तिला रोजच्यापेक्षा साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. आपल्या मापात: जोंधळ्याची एक भाकरी, वाटीभर आमटी, मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध, हे नेहमीच्या जेवणावर. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, मेथी खुशाल द्या, चांगलंच आहे. पण लाडवांनी दूध येत नाही, ओढण्याने येतं. आणि लाडू देऊन भाजी, डाळ, अंडी, फळं बंद करण्यात अर्थ नाही.

पाणी तोडू नका. "पोट सुटेल" म्हणून पाणी मोजून देणारी घरं अजून आहेत. प्रत्येक वेळी पाजायला बसताना हाताशी तांब्या असू द्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या १८० दिवस, पण दोन्ही एकाच वेळी नकोत. दोन वेगळ्या जेवणांच्या वेळा ठरवा. अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेतून स्तनदा मातेला शिजवलेलं जेवण मिळतं. सवा महिना बाहेर पडायचं नसेल तर काय सोय होते, हे अंगणवाडीत आधीच विचारून ठेवा.

खाटेखालची शेगडी: शेक घ्यायचाच तर खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि बाळ दुसऱ्या खोलीत. निखाऱ्यांचा धूर बाळाच्या छातीला आणि श्वासाला घातक.

निपाणी भागासाठी मुद्दाम: मिश्री, तंबाखू बंद. निकोटिन दुधात उतरतं, बाळ चिडचिडं होतं, झोप कमी होते, दूधही घटू शकतं. एकदम सुटत नसेल तर निदान पाजण्याच्या आधी लावू नका, लावायचीच तर पाजून झाल्यावर. विड्या वळणाऱ्या किंवा वखारीत काम करणाऱ्या बायकांनी घरी आल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन, लुगडं-गाऊन बदलूनच बाळ घ्यावं. विड्या वळताना बाळ मांडीवर नको.

९. रोपलावणीला, मागावर, कारखान्यात जायचं असेल तर

दूध काढून ठेवायचा सराव कामावर जाण्याआधी दोन आठवडे सुरू करा. हात धुवा. वाटी आणि झाकण उकळून घ्या. अंगठा वर, तर्जनी खाली, बोंडापासून दोन बोटं मागे. आधी छातीकडे आत दाबा, मग बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. पुन्हा. बोटं कातडीवर घसरू देऊ नका. गाईच्या सडासारखं बोंड ओढलं तर दूध येत नाही, साल मात्र जाते. धार मंदावली की बोटं फिरवून वेगळ्या जागी, मग दुसरी बाजू. एकूण २० ते ३० मिनिटं. सुरुवातीला चमचाभरच निघेल. चार-पाच दिवसांनी वाढेल.

साध्या हवेत झाकून ४ तास. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात तेवढाही भरवसा नको, लगेच फ्रीजमध्ये ठेवा, आतल्या भागात, दारात नव्हे, आणि २४ तासांत संपवा. वीज बराच वेळ गेली तर टाकून द्या. वर साय जमते, ते नासलेलं नसतं, हलकेच फिरवा. गरम करायचं तर वाटी गरम पाण्यात ठेवा, गॅसवर उकळू नका. बाळाला बसतं धरून वाटीने किंवा चमच्याने द्या. उष्टं उरलेलं पुन्हा ठेवू नका.

कामाच्या जागी दर तीन तासांनी दूध काढा, मग ठेवायची सोय नसली तरी. नाहीतर साकळतं आणि हळूहळू आटतं. नोकरी कंपनीत असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर, दिवसाला चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा, हे २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. शेतावर असं काही नाही. तिथे बांधावर सावलीत पाळणा आणि पाजायला जाण्याची वेळ मुकादमाशी आधीच बोलून घ्या. खत किंवा औषध फवारणीच्या दिवशी बाळ शेतात नको.

१०. वरचं दूध सुरू झालं असेल तर परत कसं यायचं

परत येता येतं. एका दिवसात वरचं तोडून नाही. बाळ उपाशी राहील.

पहिल्या दिवशी फक्त बाटली बंद करा, तेवढंच वरचं दूध वाटी-चमच्याने द्या. बाटलीच्या बुचातून दूध आपसूक तोंडात पडतं. त्या सवयीचं बाळ छातीवर मेहनत करायला नाखूश असतं. दिवसभर बाळाला उघड्या छातीवर घेऊन पडा आणि २४ तासांत दहा-बारा वेळा लावा, प्रत्येक वेळी वरच्याच्या आधी. बाळ ओढत नसेल तर आईने लावून धरावं आणि दुसरीने ड्रॉपरने स्तनावरून थेंब थेंब दूध बोंडाकडे सोडावं. ओढलं की दूध मिळतं, हे बाळाला कळतं. स्वतःचं दूध उतरू लागलं की वरचं रोज ३० ते ६० मिलीने कमी करा. लघवी सहाच्या खाली गेली, किंवा आठवड्याला वजन १२५ ग्रॅमसुद्धा वाढलं नाही, तर कमी करणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

एक लक्षात ठेवा: दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या दूधपावडरीची जाहिरात आणि आईला फुकट नमुना देणं १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंद आहे. कुणी हातात डबा ठेवत असेल तर तो घ्यायला तुम्ही बांधील नाही.

११. सहा महिने पूर्ण झाल्यावर

१८० दिवस भरले की वरचं खाणं सुरू करायचं, पाजणं चालू ठेवून, दोन वर्षं आणि पुढेही. उष्टावण मुहूर्तासाठी आठव्या महिन्यापर्यंत लांबवू नका. या वयात बाळाला लागणारं लोह नुसत्या दुधातून पुरत नाही. सुरुवात दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट: नाचण्याची खीर, मऊ भात-वरण, कुस्करलेली भाजी, वर अर्धा चमचा तूप. डाळीचं वरवरचं पाणी भरवून पोट भरतं, बाळ वाढत नाही. पहिले काही दिवस आधी अंगावर पाजा, मग भरवा.